कोंडवाड्यातले दहा दिवस

सोमवारी सकाळी बुरूज उठला आणि पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. दुपारी पाटलांनी बंदूक आणायला माणूस पाठवला.

बुरूज म्हणजे कुत्रा. तोरण्याच्या सोंडेवर गवळी-धनगरांची चार घरं होती, त्यांतल्या ठकूबाईचा. पेंढ्याच्या रंगाचा, उभा राहिला की पाठ माझ्या कमरेला लागेल एवढा. गळ्यात लोखंडी खिळ्यांचा पट्टा, कारण बिबट्या आधी गळा धरतो. ठकूबाईला मूलबाळ नव्हतं, नवरा केव्हाच गेलेला. सहा म्हशी आणि हा कुत्रा, एवढाच तिचा संसार. "ह्यो हाय म्हनून म्या रानात ऱ्हाते," ती म्हणायची. "ह्यो गेला तर म्हशीबी जातील आन् म्याबी."

आज हे लिहिते आहे ते भोरला, माडीवरच्या खिडकीशी बसून. कार्तिक लागला आहे. सकाळी नीरेवर धुकं असतं, आणि धुकं उठायच्या आत रस्त्यावरून पेंढ्याच्या गाड्या जाऊ लागतात. ओल्या-सुक्या पेंढ्याचा तो गोडसर वास जिन्यावरून वर येतो. माझे यजमान आषाढात गेले. त्यांच्यामागे गौरी-गणपती आले, दसरा आला, दिवाळी झाली. मी कुठेच डगमगले नाही. या वासाने मात्र परवा हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. आणि नवल असं की रडू आलं नाही. छाती धडधडू लागली, सोळा वर्षांपूर्वी वेल्ह्यात धडधडत होती तशी. आता काय होणार, आता काय होणार!

हे संस्थानचे गुरांचे डॉक्टर होते. मुंबईला शिकून आलेले, पण जुनी माणसं त्यांना सलोतरीच म्हणत. त्या वर्षी मावळात बुळकांडीची भीती होती. त्या रोगाने गोठेच्या गोठे रिकामे होत. गावोगाव जाऊन गुरांना टोचायचं काम ह्यांच्याकडे आलं होतं. वेल्ह्याला महिनाभर मुक्काम. लग्नाला दुसरं वर्ष होतं. "गुरांच्या मागे सुनेला कशाला नेतोस?" सासूबाईंनी विचारलं. "माझं अक्षर वरच्या साहेबांना लागत नाही, हिचं लागतं," हे म्हणाले. मी सातवीची परीक्षा दिलेली, इंग्रजी दोन पुस्तकं झालेली. बोलायला मला पहिल्यापासून जमत नाही, वाचायला जमतं. ट्रंकेत चार लुगडी आणि अकरा पुस्तकं घालून मी निघाले. नसरापूरपर्यंत मोटार, पुढे बैलगाडी. दोन्ही बाजूंना भात कापायला आलेलं. गाडी हलेल तसं शेतही हलतं आहे असं वाटायचं.

ठकूबाई म्हशी टोचून घ्यायला खाली उतरली होती आणि बुरूज अर्थातच बरोबर होता. चावडीच्या अंगणात तो झोपला आणि सकाळी असा पडला. उठायला बघे, की डाव्या अंगावर लोळण. मान डावीकडे वाकडी, इतकी की एक कान आभाळाकडे, एक जमिनीकडे. आणि डोळे! दोन्ही बुबुळं एकसारखी बाजूला सरकत होती आणि झटक्याने परत येत होती, धावत्या गाडीतून बाहेर बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसारखी. तोंडातून लाळ गळत होती. बघता बघता खळ्यांवरची माणसं हातातली कामं टाकून जमली आणि कुणीतरी तो शब्द उच्चारला. पिसाळलं.

त्या शब्दामागे एक घर होतं. आदल्या वर्षी पाटलांच्या पुतण्याला कोल्हा चावला होता. पोराला शेवटी खाटेला बांधावं लागलं. पाटील वाईट माणूस नव्हते. त्यांनी ते दिवस पाहिले होते, एवढंच.

ह्यांनी हातांत चामड्याचे मोजे चढवले आणि बुरूजपाशी बसले. डोकं दोन्ही हातांत धरलं, डोळे पाहिले, कानात पाहिलं. एकेक पंजा उलटा करून जमिनीवर टेकवला. बुरूजने तो पुन्हा सरळ केला. मग ठकूबाईला म्हणाले, "हाक मारा त्याला."

"बुरज्या," ती म्हणाली. 

शेपूट हलली. पडल्या पडल्या, धुळीत, दोनदा.

"पाटील, हा पिसाळलेला वाटत नाही."

"वाटत न्हाई म्हंजी? डाक्तरसाहेब, हाय का न्हाई, येक काय ते सांगा."

ह्यांना खोटं बोलता येत नसे. "खात्री नाही," ते म्हणाले.

"मग आमची खात्री बघा," असं म्हणून पाटलांनी पाण्याने भरलेली परात आणवली. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे मावळात कुणाला शिकवावं लागत नाही. परात बुरूजच्या तोंडापुढे सरकवली. त्याने तोंड पुढे केलं, आणि पाण्याला लागायच्या आत मान गर्रकन डावीकडे फिरली, सगळं अंग त्यामागे फेकलं गेलं, पाय झाडले गेले, परात उलटली. गर्दी ओरडत मागे सरली. "भ्यालं! भ्यालं पान्याला!"

ह्यांच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं. तिथेही, क्षणभर, तोच संशय होता.

पण हे उठले, मोज्यावरची धूळ झटकली आणि म्हणाले, "दहा दिवस द्या. पिसाळलेलं जनावर एकदा असं पडलं की दहा दिवस काढत नाही. दहा दिवसांत मेला तर तुमचं खरं. जगला तर आजार दुसरा."

"आन् दहा दिसांत कुनाला चावला तर?"

"कोंडवाड्यात ठेवा. कुलूप तुमचं, किल्ली तुमच्याकडे. आत माझ्याशिवाय कुणी जाणार नाही. आवाज बदलला, लाकूड चावायला लागला, तर मीच सांगेन गोळी घाला म्हणून."

पाटलांनी कोंडवाड्याची किल्ली मागवली. "बंदूक हितंच ऱ्हाईल," शेवटी म्हणाले.

म्हणून दहा दिवस बंदूक तिथेच राहिली, आणि तिच्याबरोबर ठाण्याचा शिपाई हैबती.

कोंडवाडा म्हणजे गावातली भटकी, शेतात शिरलेली गुरं डांबायची जागा. चार काळ्या दगडी भिंती, छातीएवढ्या उंच, वर छप्पर अर्ध्यावरच. त्या कार्तिकात तिथे गुरं नव्हती. सगळी कापलेल्या रानात मोकळी चरत होती. दाराशी हैबती बंदूक मांडीवर घेऊन बसे. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला दगडावर मी पुस्तक घेऊन, आणि माझ्यापासून चार हातांवर ठकूबाई. आम्हां तिघांना दुसरं कामच नव्हतं. हे दिवसभर आजूबाजूच्या वाड्यांवर टोचायला जात, सकाळ-संध्याकाळ कोंडवाड्यात शिरत.

ह्यांच्याकडे कुत्र्यांवरचं एकच पुस्तक होतं, जाडजूड, इंग्रजी. "कॉलेजात बैलाला दोन वर्षं दिली आणि कुत्र्याला दोन व्याख्यानं," हे म्हणत. मी ते पुस्तक अक्षर अक्षर लावून वाचायची आणि अडलेल्या शब्दांवर पेन्सिलीची खूण करून ठेवायची. संध्याकाळी हे अर्थ सांगत. कानाच्या पडद्याआड, अगदी आत, तोल सांभाळणारा एक भाग असतो, तो बिघडला की जनावराला जमीनच कलल्यासारखी वाटते. "गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसा प्रत्येकाच्या डोक्यात एक ओळंबा असतो," हे म्हणाले. "बुरूजचा हलला असावा. आपोआप स्थिरावतो कधी कधी. किंवा हे सगळं माझ्या मनाचं असेल आणि तो खरंच पिसाळलेला असेल." मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं होतं. माणूस आपल्या बायकोपाशी "मला माहीत नाही" म्हणतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

दोन दिवस पाणी पोटात गेलं नाही. हे फडकं भिजवून त्याच्या जबड्यात पिळत. मान वाकडी असल्याने तेवढंही ओघळून पेंढ्यावर पडे. बुरूजचं नाक कोरडं पडलं, पोट आत गेलं. मंगळवारी संध्याकाळी बाहेर आल्यावर ह्यांनी मोजे काढले आणि हळूच मला म्हणाले, "उद्या पाणी गेलं नाही तर हैबतीला काही करावंच लागणार नाही."

बुधवारची सकाळ. मला ती आजही जशीच्या तशी दिसते. दहिवर इतकं पडलं होतं की गवताच्या पातीपातीला थेंब लटकत होते, कोळ्यांची जाळी पांढरी दिसत होती, आणि कोंडवाड्याचे काळे दगड न्हाऊन निघाल्यासारखे चमकत होते. तोरण्याचा माथा उन्हात आणि पायथा अजून सावलीत. हे पलीकडच्या वाडीला निघायचे म्हणून चावडीपाशी गाडीत सामान चढवत होते. पाटील, पाच-सहा शेतकरी, खळ्यावर निघालेल्या बाया, सगळे तिथेच होते. मी भिंतीवरून आत वाकून पाहिलं.

बुरूज सरपटत सरपटत भिंतीशी गेला होता. डावं अंग दगडाला टेकून त्याने स्वतःला सावरलं होतं. वाकडी मान तशीच दगडावर ठेवली होती, आणि तो जीभ काढून दगड चाटत होता. एक दगड, मग त्याच्या वरचा. दगडांवरचं दहिवर तो पीत होता!

मी आयुष्यात कधी मोठ्याने बोललेले नव्हते. माहेरी मला मुकी म्हणत. आणि मी, डोक्यावरचा पदर घसरलेला, साऱ्या वेल्ह्यादेखत नवऱ्याला हाक मारली, "अहो!" नाव घ्यायची रीत नाही, म्हणून तेच पुन्हा पुन्हा, "अहो! अहो, पाणी! पाणी पितोय तो!"

हे धावत आले. एका हातात सुयांची पेटी होती, ती तशीच घेऊन. मागून सगळं गाव. हैबतीने बंदूक भिंतीला टेकवली आणि तोही वाकला. तेवढ्या माणसांच्या डोळ्यांसमोर बुरूज शांतपणे भिंत चाटत राहिला.

"डावीकडे," हे म्हणाले. धाप लागली होती. "अगं, त्याला डावीकडेच पिता येतंय. आपण समोर ठेवत होतो!"

चूक एवढीच होती. तहानेने तो पाण्याकडे झेपावत होता, आणि कलंडलेला तोल त्याला पाण्यापासून उचलून फेकत होता. गावाने ती भीती समजली. आम्हीही तीच समजत होतो, थोडीथोडी.

पाटलांच्याच घरातून भाकरीचं पीठ मळायची लाकडी काठवट आली. सुताराने तिची एक कड करवतीने कापून खाली केली. ह्यांनी ती भिंतीच्या कडेला, दगडावर उंच करून, बुरूजच्या डाव्या गालाला लागेल अशी ठेवली आणि त्याच्या उजव्या अंगाला पेंढ्यांची थप्पी लावली. मग तो प्यायला. लप् लप् लप्. त्या आवाजाखेरीज कुठेच काही नव्हतं. माणसं श्वास धरून ऐकत होती. काठवट रिकामी झाली, पुन्हा भरली, पुन्हा रिकामी झाली. ठकूबाईने पदर तोंडात कोंबला होता.

पाटलांनी पागोटं काढून डोकं खाजवलं. "मंजी त्यो पान्याला भ्याला न्हवता," ते हळू म्हणाले. "पानीच त्येच्यापासनं पळत हुतं."

"पण दहा दिवस म्हणजे दहा दिवस," हे म्हणाले. "पिसाळलेलं जनावर कधी कधी पाणी पितंही. कुलूप राहू द्या."

"आँ? आता आमची खात्री झाली, तर तुमी न्हाई म्हनता?" पाटील म्हणाले, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

त्या पुढचा आठवडा! मी पुस्तकांतून लढाया वाचल्या आहेत, राज्यारोहणं वाचली आहेत. पण त्या आठवड्याइतक्या उत्कंठेने मी काही वाचलं नाही. सकाळी डोळे उघडले की आधी कोंडवाडा. डोळे किती हलतात? काल मोजले त्याहून सावकाश. भाकरी खाल्ली? ताकात कालवून अर्धी. खळ्यांवर भात झोडणाऱ्या बाया वाकल्या वाकल्या ओरडून विचारत, "बाई, आज किती पावलं?" आणि मी, मुकी, ओरडून सांगत असे, "आज चार!" सगळ्या शिवारात बुरूजची पावलं मोजली जात होती.

उभं करायला पोटाखाली झोळी हवी होती. मी माझं जुनं हिरवं लुगडं दिलं. हे दोन टोकं धरून त्याला उचलत आणि चालवत. ठकूबाई भिंतीवरून बघत म्हणाली, "डाक्तरीणबाई, लुगडं नेसवलंत, आता वटीबी भरा त्येची!" हैबती इतका हसला की बंदूक घसरली. हा हैबती एव्हाना पेंढ्या वाहून आणू लागला होता. बुरूजला दर चार तासांनी कुशीवर वळवावं लागे, एका अंगावर पडून जखमा होऊ नयेत म्हणून. वळवत हे, त्यासाठी दुपारीही वाडीवरून येऊन जात, पण वेळ झाल्याची आरोळी हैबती देई. पाटलांना त्याने सांगून टाकलं होतं, "पाटील, मला गोळी घालाया बोलीवलं का दाई म्हनून?"

सातव्या दिवशी बुरूज झोळीशिवाय उभा राहिला. चार पाय फाकवून, नावेत उभं राहावं तसा. आठव्या दिवशी चालला, पण गोल गोल, डावीकडे, घाण्याच्या बैलासारखा. नवव्या दिवशी भुंकला. हे तेव्हा वाडीवर होते. ठकूबाई उठून उभी राहिली. पिसाळल्यावर आवाज फाटतो, हे तिला ठाऊक होतं. बुरूज पुन्हा भुंकला. "त्योच," ती म्हणाली. "आवाज त्योच हाय. वरनं माकडं गेली असत्याल." आणि खाली बसून, मला न विचारता, तिने माझा हात धरला.

दहा दिवस. हा आकडा आपल्याकडे दुसऱ्याच कामासाठी राखलेला आहे. यंदा आषाढात मी ते दहा दिवस या घरात, या माडीखाली काढले. लोक येत, बसत, जात. एक एक दिवस संपे आणि माणूस थोडा थोडा आणखी जाई. तेव्हा मला कोंडवाडा आठवला होता. तिथे एक एक दिवस संपे आणि एक जीव थोडा थोडा परत येई. कुणापाशी मी हे बोलले नाही. सुतकातल्या बाईला दगड चाटणारा कुत्रा आठवून हसू येतं, हे कसं सांगायचं?

दहाव्या दिवशी पाटलांनी स्वतः कुलूप काढलं. किल्ली फिरवण्याआधी त्यांनी भिंतीवरून एकदा आत पाहिलं. पुतण्या आठवला असेल. दार उघडलं. ठकूबाई समोर, वीसेक पावलांवर उभी. "बुरज्या!" बुरूज निघाला. सरळ जाणं त्याला येतच नव्हतं. तो डावीकडे निघाला, चावडीकडे वळला, पारापाशी गेला, गर्दीला अर्धा वळसा घातला, आणि अशी मोठी कमान काढून नेमका ठकूबाईच्या मागच्या बाजूला पोचला. सगळं वेल्हं हसत होतं. ठकूबाई मात्र वळली, खाली बसली आणि त्या खिळ्यांच्या पट्ट्यासकट तिने त्याला मिठी मारली. हे बाजूला उभं राहून मोजे घडी करत होते. पुन्हा पुन्हा तेच मोजे.

दुपारी ती वर निघाली. पायवाट अरुंद, उजवीकडे चढ, डावीकडे उतार. बुरूज पडेल की काय म्हणून आम्ही खाली उभे. त्याने जरा विचार केल्यासारखं केलं आणि तो थोरल्या म्हशीच्या उजवीकडे गेला, डावं अंग तिच्या पोटाला टेकवलं, आणि तसाच टेकून टेकून चालू लागला. म्हैसही पाऊल जपून टाकत होती, असं मला वाटलं. वळणाआड दिसेनासे होईपर्यंत हे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून त्यांनी मान डावीकडे पूर्ण कलती केली आणि हसले. पुढे आयुष्यभर, एखादा अवघड बैल उठला, एखादी अडलेली म्हैस व्याली, की घरी आल्यावर हे बोलत नसत. दारातच मान डावीकडे कलती करीत. मी समजे.

बुरूज आणखी चार वर्षं जगला. मान वाकडीच राहिली, पण त्या वाकड्या मानेने त्याने एक बिबट्या पळवला, असा निरोप आला होता. तो गेल्यावर ठकूबाई, पाटलांनी त्याच्याबरोबर दिलेली ती काठवट डोक्यावर घेऊन भोरला आली, आमच्या ओट्यावर ती ठेवली आणि म्हणाली, "ही तुमची." पुढच्या थंडीत तीही गेली.

परवा, पेंढ्याच्या गाड्या जात होत्या त्याच दिवशी, हैबती आला. म्हातारा झाला आहे. संस्थान गेलं तशी त्याची शिपाईगिरीही गेली. ह्यांचं त्याला कळलेलं नव्हतं. ओट्यावर बसून त्याने आधी आनंदाने बातमीच सांगितली: "साहेबास्नी सांगा, वेल्ह्यात आता कुत्रं पडलं की पाटील बंदूक न्हाई, कुलूप सोधतो! औंदा दोन कोंडली. येक चौथ्या दिशी मेलं, ते पिसाळलेलंच हुतं. पन कोंडलं हुतं, कुनाला चावलं न्हाई. दुसरं सुटलं, वाकड्या मानंचं. कुटं हायत साहेब?"

मी सांगितलं.

त्याने पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "त्येंच्या दहा दिसांत म्या हितं बसाया पायजे हुतो, बाई. बुरज्याच्या दहा दिसांत बसलोच हुतो की."

मी त्याला ताक दिलं. तो गेल्यावर काठवट खाली काढली, धुतली आणि उन्हात ठेवली. कापलेल्या कडेवर करवतीचे दात अजून हाताला लागतात.

बुरूज नाही, ठकूबाई नाही, हे नाहीत. काठवट माझ्याजवळ आहे. वेल्ह्यात कुत्रं पडलं, तर आधी दहा दिवस कोंडतात.